दोन रंगांमधलं अंतर

सिल्वासातल्या आमच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात संगणक विभाग म्हणजे मी एकटीच. रविवारी यंत्रं बंद असतात. वाफ विरलेली असते आणि टांगलेल्या सुताच्या लच्छ्या वारा नसतानाही हलल्यासारख्या वाटतात. मोठी कामं मी त्याच दिवशी काढते. आधी बॅकअप, मग त्याची नक्कल, नकलेवर प्रयोग, शेवटी खरा सर्व्हर. हा क्रम मी मोडत नाही.

डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायचा होता, कारण जुनीची दुरुस्ती आता बंद होणार होती. डेटाबेस ओपन सोर्स, पण त्याला जोडलेलं एक एक्स्टेन्शन बाहेरच्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलेलं. दोन रंग डोळ्याला एकमेकांपासून किती लांब दिसतील, हे ते मोजायचं. धागा रंग मोजायच्या यंत्राखाली ठेवला की आजवरच्या शेड्समधली सर्वांत जवळची शेड आणि तिची रेसिपी समोर यायची. आमच्या धुळ्याकडच्या डाईंग मास्टरांची सगळी कमाई त्यात होती.

नकलेवर नवी आवृत्ती चढेना. ते एक्स्टेन्शन तिच्यासाठी बनलेलंच नव्हतं. मी ते त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यासकट काढायची आज्ञा दिली. आवृत्ती लगेच चढली. तक्ता उघडला तर पार्टी, लॉट, रेसिपी, सगळं जागच्या जागी. फक्त रंगाचा रकाना नाहीसा झालेला; तो त्या एक्स्टेन्शनवरच उभा होता. कितीतरी वर्षांचं सूत, आणि त्यातलं कुठलं कसं दिसतं हे कुणालाच ठाऊक नाही.

"तुमच्या साफसफाईत माझे रंग जातीन, माहीतच होतं मला," मागे येऊन उभे राहिलेले मास्टर म्हणाले.

"गेले नाहीत, मास्टर. ही नक्कल होती."

"नक्कल मेली म्हणजे अस्सलला ताप येतोच ना, मॅडम. मग मी काय, कपाटातले नमुन्याचे विटलेले तुकडे लावू नाकाला?"

मी त्या अनोळखी माणसाला लिहिलं. उत्तर आलं, दोन ओळींचं: मी आता हे काम करत नाही, मूळ प्रोग्रॅम तिथेच आहे, हवा तसा बदलून घ्या. तो कुठे राहतो, तिथे तेव्हा दिवस होता की रात्र, मला माहीत नव्हतं. तरी आठवडाभर संध्याकाळी मी त्याच्याच घरात वावरत होते. त्यानं कुठे काय ठेवलंय, कुठे घाई केलीय, हे प्रोग्रॅमच्या ओळीओळीतून कळत होतं. गावातल्या आमलीच्या बाजारातून जाताना दुपट्ट्यांच्या दुकानाशी पाय थांबायचे. जांभळ्यापासून वांगी किती लांब, वांगीपासून तपकिरी किती. सगळा रस्ता अंतरांनी भरून जायचा. डेटाबेसच्या आतल्या काही फंक्शन्सची नावं नव्या आवृत्तीत बदलली होती. ती मी एकेक करून बदलली आणि एक्स्टेन्शन पुन्हा बांधलं.

पुढच्या रविवारी नवी नक्कल केली. या वेळी एक्स्टेन्शन आधी, मग आवृत्ती. रंगाचा रकाना शाबूत होता. मास्टर पाठ केल्यासारखी ओळखीची एक मोरपंखी लच्छी घेऊन आले. यंत्रानं मोजली आणि पडद्यावर भलतीच गडद शेड आली.

"ही ती नाही," मास्टर म्हणाले आणि खुर्चीत बसले. काहीतरी हरवल्यावर माणसं बसतात तसे.

मी पुन्हा ओळी तपासायला घेणार, तेवढ्यात यंत्राच्या ट्रेवर पाण्याचा ठसा दिसला.

"मास्टर, लच्छी ओली आहे."

त्यांनी ती गालाला लावली. "अरे देवा! टबातूनच उचलली ना मी घाईघाईत. ओलं सूत काळंच दिसणार. दुसऱ्या कोणी केलं असतं तर शिव्या घातल्या असत्या."

"घाला मग."

"स्वतःला? गुजरातीत घालतो, तिकडं जोर आहे."

लच्छी उत्तरेच्या खिडकीत टांगली. रंग पाहायला मास्टर तोच उजेड खरा मानतात. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. पाणी सुकत होतं आणि मोरपंखी आतून वर येत होता, पहाट हळूहळू उजळावी तसा.

वाळल्यावर पुन्हा मोजली. पहिल्याच ओळीत त्यांची रेसिपी.

"लावू का खऱ्या सर्व्हरला हात?" मी विचारलं.

मास्टरांनी पडदा पाहिला, खिडकीतली लच्छी पाहिली. मग शर्टाच्या खिशातून रंगीबेरंगी धाग्यांचा एक गुंता काढला आणि टेबलावर सोडवायला घेतला.

"थांबा," ते म्हणाले. "हे सगळे कोरडे आहेत."