वरचं चॉकलेट

बिस्किटं भाजायच्या आधीच त्यांवर चॉकलेट ठेवण्याचा पराक्रम मी केला आणि ते ओव्हनभर वाहिलं. दुसऱ्या खेपेला बिस्किटं भाजून गार केली, मग चॉकलेट चिकटवलं. ही फ्रान्सची लोण्याची बिस्किटं. शेजाऱ्यांची मुलगी तिकडे नोकरीला असते. गेल्या वर्षी तिने आणली होती. यंदा ती आलीच नाही, म्हणून हा माझा खटाटोप.

शेजारी रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येतात, चहा बशीत ओतून पितात आणि कशालाही "बरां तर" म्हणतात.

"तुम्ही केलीत? बरां तर!" म्हणत त्यांनी बिस्किट उचललं, नखाने वरचं चॉकलेट अलगद सोडवून बशीच्या कडेला ठेवलं आणि नुसतं बिस्किट खाल्लं. तीन बिस्किटं अशीच खाल्ली.

"का हो, चॉकलेट चालत नाही?"

"चालतं की. पण लेक लहान होती तेव्हा क्रीमच्या बिस्किटातलं क्रीम तिचं, बिस्किट माझं. ही आणलीन तेव्हाही तसंच." मग त्यांचं बशीकडे लक्ष गेलं. या खेपेला "बरां तर" न म्हणताच ते उठले.

उकाड्याने बशीतलं चॉकलेट मऊ पडत होतं. मी बोट पुढे केलं, तेवढ्यात बायकोने बशी उचलून फ्रिजमध्ये ठेवली.

"ती येईपर्यंत राहील," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."