विचारणारा कॉम्प्युटर

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे एक बाई झेरॉक्सचं दुकान चालवते. तिचा जुना कॉम्प्युटर फार रखडायला लागला, म्हणून मी त्यात विंडोजऐवजी हलकं चालणारं लिनक्स टाकून दिलं. पडद्यावरची सगळी अक्षरं मराठीत केली. माणसाला जितकं कमी विचारावं तितकं त्याला सोपं जातं, असा माझा जुना समज.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर बाई नवा प्रिंटर जोडत होती. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. बाईने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि ‘हा बदल करण्यासाठी तुमची परवानगी हवी’ हे मोठ्याने वाचलं. मग गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना निवांत विचार करत बसली.

“अगो, दाब ना लवकर,” मागून नवरा म्हणाला.

“थांबा हो. त्यानं मला विचारलंय, तुमाला नाय.”

मी म्हणालो, “ताई, ही कटकट मी काढूनच टाकतो.”

तिने माऊसवर हात ठेवला. “नको भाऊ. आमच्याकडं मला विचारून कायतरी करणारा हा एकटाच हाय.”

नवरा सरळ असलेला कागदांचा गठ्ठा पुन्हा सरळ करू लागला.

मी हसलो, पण फार वेळ नाही. आजवर कुणाला बोललो नाही, पण शहापूरच्या फ्लॅटचं मी तो घेतल्यावरच बायकोला सांगितलं होतं. तिला त्रास नको म्हणून.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिला विचारलं, “पंखा जुना झालाय, नवा घेऊ का?”

तिने निवडायची भाजी बाजूला ठेवली. “खरं सांगा, घेऊनच आलात ना?”

खोकं बाहेर जिन्यात होतं.