ब्रेकवर पाय कोणाचा?

माझ्या मोठ्या बहिणीच्या कारमधलं क्रूझ कंट्रोल बंद पडलं, आणि ते दुरुस्त करायच्या तीन दिवसांत वाडीतल्या माझ्या दुकानात मी जेवढी चिडचिड केली तेवढी उभ्या जन्मात केली नसेल. आणि राजेहो, मी काही शांत माणूस नाही. तीस वर्षं ट्रकांच्या वायरिंगमध्ये डोकं खुपसून बसलो आहे, सकाळी चहा उशिरा आला तरी मी तापतो.

बहिणीला आम्ही सगळी भावंडं बाई म्हणतो. ती राहते जरीपटक्यात, तिची संत्र्याची बाग नरखेडकडे. भाऊजी गेल्यापासून बाग तीच पाहते, एक दिवसाआड स्वतः गाडी चालवत जाते. पण उजवा गुडघा दगा देतो. ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला की अर्ध्या तासात ठणका सुरू. म्हणून तर तिनं क्रूझवाली गाडी घेतली होती. मोकळ्या रस्त्यावर बटण दाबायचं, गाडी आपली त्याच वेगानं पळत राहते, पायाला सुट्टी. आता तेच बंद. पुण्याहून तिच्या मुलानं फर्मान काढलं, बाग मक्त्यानं देऊन टाक आणि घरी आराम कर. मक्त्यानं घेणारा माणूस शुक्रवारी बाग पाहायला येणार होता.

मंगळवारी बाई गाडी घेऊन दुकानात आली. "तुह्याच्यानं होत असन तं सांग," ती म्हणाली. "नाही तं माही बाग गेली समज."

"काहून नाही होणार? असे छप्पन फॉल्ट काढले मी."

"दसऱ्यापासून बंद आहे, बरं का."

"वायरले दसरा-दिवाळी काय समजते वं बाई? तू घरी जा, मी पाहतो."

तिथंच चुकलो. पण तेव्हा कोण ऐकतो!

बटण दाबलं की काट्यांजवळ हिरवा दिवा लागायचा आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच विझायचा. फ्यूज पाहिले, चांगले. स्टिअरिंगवरची बटणं उघडून पुसली, त्यातही दोष नाही. गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लावला तर तो म्हणे, ब्रेक दाबलेला आहे; आणि ब्रेक दाबला की क्रूझ आपोआप सुटतं. अबे, कोणी दाबला? मी सीटवर मांडी घालून बसलो होतो! ब्रेकचा स्विच नवा टाकला. तरी तेच. पाय वर असताना मागचे ब्रेक लाइटही पेटत नव्हते, म्हणजे ब्रेक दाबलेला नव्हताच. बुधवारी संध्याकाळी मी पाना आपटला आणि गाडीचा कॉम्प्युटरच खोटारडा आहे असं शेजारच्या टायरवाल्याला ओरडून सांगितलं.

गुरुवारी सकाळी डोकं ताळ्यावर होतं. मीटर घेतला आणि ब्रेकच्या वायरला लावला. पाय वर असताना तिथं शून्य पाहिजे. काटेकोर शून्य. मीटरवर चार व्होल्ट! एवढ्याशा विजेनं मागचे एलईडी पेटत नाहीत, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हतं. पण कॉम्प्युटरला मात्र वाटत होतं की कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलं आहे. बिचारा खरं बोलत होता.

ही वीज येते कुठून? एकेक फ्यूज काढत गेलो. चार्जिंग सॉकेटचा फ्यूज उपसला आणि मीटर शून्यावर आला. त्याच क्षणी डॅशबोर्डवरच्या बुद्धमूर्तीमागचा निळा दिवाही विझला.

मूर्तीच्या वायरी धरून मी खाली गेलो, वाकून, एका हातात टॉर्च धरून. एक वायर सॉकेटला. दुसरी थेट ब्रेकच्या वायरला जोडलेली. "कोण्या बयताडानं हे केलं!" मी आतूनच ओरडलो. मग जोडाची टेप दिसली. टेपवर पांढऱ्या दोऱ्याचे सात वेढे आणि शेवटी गाठ.

टेपवर दोरा साऱ्या वाडीत एकच माणूस बांधतो. उन्हाळ्यात गोंद वितळून टेप सुटू नये म्हणून.

मी.

मी पार विसरलो होतो. दसऱ्याला बाईनं मूर्ती आणली होती आणि मी हौसेनं म्हणालो होतो, नुसता दिवा काय लावायचा, असं करतो की एरवी मंद उजेड राहील आणि ब्रेक मारला की लख्ख होईल. ट्रकवाल्यांना मी असंच करून देतो, त्यांना फार आवडतं. पण जुन्या ट्रकला क्रूझ कुठं असतं! बाईच्या गाडीत मंद दिव्याची वीज उलटी फिरून ब्रेकच्या वायरीत शिरत होती. मी जमिनीवर बसलो आणि एकटाच खो खो हसलो. लाजही वाटत होती, पण आनंद जास्त होता.

ब्रेककडचा जोड तोडला, दिवा फक्त सॉकेटवर ठेवला, आणि बाईला बोलावून घेतलं. काटोल रोडवर मोकळा पट्टा लागला तसं तिनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. लागूनच राहिला. बाईनं हळूच उजवा पाय मागे घेतला, गुडघा चोळला, आणि तिचा चेहरा असा खुलला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं होतं गा?"

"वायरिंगमध्ये थोडं..."

"दसऱ्यालेच न?" तिनं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. "मले पहिल्याच दिवशी शंका आली होती. तू ऐकून कुठी राहिला होता!"

मग मी सगळं कबूल केलं, सात वेढ्यांसकट. बाई इतकी हसली, इतकी हसली की डोळे पुसायला तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"फोन लाव पोट्ट्याले," ती म्हणाली. मी स्पीकर लावून फोन पुढे धरला. भाच्यानं आधी गुडघ्याचं विचारलं.

"गुडघा मजेत आहे. त्या माणसाले सांग, उद्या येऊ नको. बाग मीच पाहीन," बाई म्हणाली. "आणि गाडीले काय झालं होतं ते मामाले विचारू नको. तो लाजून राहिला."