निळ्या शाईतले शेवट

आमच्या मेहकरच्या वाचनालयात पुस्तकावर शेरा मारल्याशिवाय कोणाला ते वाचल्याचं समाधान मिळत नाही. ‘बकवास’, ‘डोळ्यांत पाणी आलं’, ‘शेवटची पानं कोणत्या गाढवानं फाडली?’ मला लहानपणापासून याची सवय आहे. पण एका जपानी लेखिकेचा मराठीत आलेला कथासंग्रह मी घरी आणला आणि माझं डोकंच फिरलं.

तिच्या कथा मध्येच थांबतात. एक म्हातारा रुसलेल्या शेजाऱ्याच्या दारावरची बेल वाजवतो, कथा संपली. मला तेच आवडत होतं. दार उघडलं की नाही, ते आपण ठरवायचं. इथे मात्र कोणीतरी आधीच ठरवून मोकळं झालं होतं. प्रत्येक कथेखाली निळ्या बॉलपेननं दोन ओळी, वर ‘शेवट’ असा मथळा. शेजाऱ्यानं दार उघडलं, दोघांनी चहा घेतला. अरे, तुला विचारलं होतं कोणी?

सातवी कथा नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या बाईची. ती स्टेशनवरच्या बाकावर बसते, पिशवीतलं संत्रं सोलते. बस्स. दीड वर्षापूर्वी मीही एक बॅग घेऊन लोणारच्या सासरहून एसटीनं माहेरी आले होते. ती कथा मी दोनदा वाचली. खाली निळी शाई: ‘तिला आपली चूक समजली. ती परत गेली आणि सुखाने नांदली.’

या वेळी मी अक्षराकडे नीट पाहिलं. त्याच अक्षरावरून मी पाटीवर गिरवायला शिकले होते.

बाबा पेपर वाचत होते. मी पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

“हे तुम्ही लिहिलं?”

“हाव. गोष्टीले शेवट नको का, बाई? लोकं वाचतात अन् अधांतरी लटकून राह्यतात.”

“लोकं, का तुम्ही?”

ते चष्मा पुसत बसले. दीड वर्षात या माणसानं मला एकदाही ‘परत जा’ म्हटलं नव्हतं. ते मी त्यांचं मोठेपण समजत होते, मैत्रिणींना कौतुकानं सांगत होते! आणि हे तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून गावाच्या पुस्तकात लिहून आले.

“शेवट लिहिता, बाबा? मी काऊन आली, हे तरी कधी विचारलं का मले?”

त्यांनी पेपरची घडी केली, शेजारची खुर्ची ओढली.

“बस. सांग.”

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं.