खंडेनवमी आणि शिकागोची मालगाडी

अमेरिका एवढी श्रीमंत कशी, असं कुणी विचारलं तर मी त्याला आमच्या प्लेनो गावातली मोठमोठी घरं दाखवत नाही. सरळ गाडीत घालते आणि रेल्वेच्या कंटेनर यार्डात नेते. दोन हजार पाचच्या सुमाराला मी तिथे काम करायचे. पहिल्या दिवशी तर आ वासून उभीच राहिले. नजर पोचणार नाही एवढी लांब मालगाडी, कंटेनरवर कंटेनर चढवलेला, आत टीव्ही, टायर, चपला, खेळणी! बंदरावर उतरलेला माल रुळांवरून इथे यायचा आणि इथून देशभर पांगायचा. परतीचे कितीतरी कंटेनर रिकामे जायचे, तरी गाडी थांबायची नाही. या देशाचा पैसा मालात नाही, माल हलता ठेवण्यात आहे, असं मी भेटेल त्याला ऐकवायचे. मैत्रिणी वैतागून विषय बदलायच्या.

मी आणि माझा एक नागपूरकर सहकारी, आम्ही दोघांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुठला कंटेनर आधी उचलायचा, कुठल्या वॅगनवर ठेवायचा, हे तो प्रोग्रॅम क्रेनवाल्यांना सांगणार होता. तोवर हे सगळं यार्डाचा मुकादम कागदावर आखायचा. धिप्पाड टेक्सन गडी, निम्मं आयुष्य क्रेनवर काढलेला. त्याने आम्हाला एकच संधी दिली. "शिकागोची गाडी भरून दाखवा. लेट निघाली, तर तुमचा कम्प्युटर तुमच्या घरी." आमच्या चिमुकल्या सॉफ्टवेअर कंपनीला या यार्डाशिवाय दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. कम्प्युटरपाठोपाठ नोकरी जाणार आणि नोकरीपाठोपाठ व्हिसा, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

नेमकी त्याच दिवशी खंडेनवमी आली. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात होते. या दिवशी तिथे यंत्रं धुऊनपुसून लख्ख करायचे, हार घालायचे, कुंकू लावायचे आणि आम्हा पोरांना बुंदी मिळायची. पूजा न करता नवं काम सुरू करणं माझ्याच्याने शक्यच नव्हतं. यार्डातल्या दोनपैकी एक क्रेन चालवणाऱ्या बाईला विचारलं, तर म्हणाली, "तुझ्या देवाला माझी काही हरकत नाही." मग मी क्रेनच्या पायाला झेंडूचं फूल लावलं आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचा चांगला ठसठशीत पट्टा ओढला.

काम झकास सुरू झालं. दोन्ही क्रेन आमच्या स्क्रीनवरचं ऐकत होत्या, कंटेनर टपाटप जागेवर बसत होते, मी ऑफिसच्या काचेतून बघत होते, खुर्चीत बसायलाही तयार नव्हते. निम्मी गाडी भरली आणि भोंगा वाजला. आमची पुजलेली क्रेन थांबली होती. मुकादम तिच्या पायाशी उभा राहून लाल पट्ट्याकडे बोट दाखवत ओरडत होता. त्या यार्डात यंत्रावर लाल खूण म्हणजे बिघाड. मेकॅनिकने तपासल्याशिवाय मग त्याला कुणी हात लावायचा नाही. मी धावत गेले, कुंकू म्हणजे काय ते धापा टाकत समजावलं.

"असेल," तो म्हणाला. "पण लाल आहे ना? मग मेकॅनिक येईल."

मेकॅनिक यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मी तशीच पळत ऑफिसात परत आले.

"यार, आजच कुंकू लावायचं होतं का तुला?" नागपूरकर कपाळाला हात लावून म्हणाला. "आता ट्रायल कॅन्सल करणार बघ तो!"

मला आला राग. "कॅन्सल कसा करेल? दुसरी क्रेन चालू आहे ना? एक क्रेन बंद दाखव आणि प्रोग्रॅम परत रन कर!"

त्याने रन केला. क्षणभर स्क्रीन कोरा, मग सगळी नवी आखणी समोर! कुठला ट्रक कुठे वळवायचा, कुठला कंटेनर थांबवायचा, सगळं नव्याने. थांबलेल्या क्रेनवरची बाई खाली उतरली आणि शिट्ट्या मारमारून ट्रक दुसरीकडे पिटाळू लागली. एकच क्रेन, पण तिचा एक फेरा वाया जात नव्हता. मी काचेला नाक लावून "चल, चल, चल" असं मराठीत ओरडत होते. मेकॅनिकने "काही बिघाड नाही" म्हणून सही केली तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कंटेनर उरले होते.

गाडी हलली ती वेळेवर. मी आणि नागपूरकर अक्षरशः नाचलो.

तेवढ्यात दार ढकलून मुकादम आत आला. आता कुंकवावरून हजेरी घेणार, असं मला वाटलं. त्याने शाबासकी दिली नाही की दम भरला नाही. माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, वायरलेस तोंडाजवळ धरला आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "पुढची गाडी आत येतेय. पहिला कुठला उचलू?"

मी सांगितलं. एक अक्षरही न बदलता त्याने ते पुढे क्रेनला सांगितलं.