मॅनेजरचा खुलासा

नातवंडांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं तासभर भांडलात. टीव्हीवर पाहता त्या तुमच्या लाडक्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला ठेवायचं की काढायचं, एवढ्यावरून धाकट्याने थोरलीशी बोलणं सोडलं. मग थोरलीनेच सांगितलं की त्याला काढलंसुद्धा, आणि ते त्या मॅनेजरला सकाळी दात घासताना फोनवर आलेल्या निरोपातून कळलं. तुम्ही दोघंही हसलात. मला हसू आलं नाही. गेल्या हिवाळ्यात इथे बोथमध्ये आपल्याही क्लबच्या मॅनेजरचा हाच प्रश्न निघाला होता, आणि त्या दिवशी मी जे पाहिलं त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. म्हणून हे आता लिहिते आहे. आपले मॅनेजर तुम्हाला आठवत असतील. सुट्टीत आलात की तुम्ही ज्यांना शिट्टीवाले आजोबा म्हणायचात ते. तुमच्या आजोबांचे मित्र, तहसील कचेरीतले निवृत्त कारकून, आणि माझे मानलेले भाऊजी.

बोथमध्ये गेल्या तीस वर्षांत एकाही जिवाला त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय दोषी ठरवलेलं नाही, आणि त्याचं सगळं श्रेय एकट्या भाऊजींना आहे. जीव हा शब्द मी मुद्दाम वापरला. मैदानाच्या कोपऱ्यावरचं निशाण एकदा एका बकरीने खाल्लं, तेव्हा भाऊजींनी मालकासह बकरीलाही हजर राहायला सांगितलं होतं. बकरी बांधलेली होती का, निशाण कोणत्या कापडाचं होतं, ते कोणी लावलं, असे प्रश्न झाले. शेवटी उघड झालं की खऱ्या निशाणाऐवजी एका खेळाडूने आपलं घामाने खारट झालेलं बनियान काठीला बांधलं होतं. 'बकरीचा दोष नाही' असा निर्णय झाला आणि तो क्लबच्या वहीत लिहिला गेला. लिहिला मी. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, घरातली प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवली, आणि त्या दिवशी बकरीच्या सुनावणीचा वृत्तांत माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवला. हा मला बसलेला पहिला धक्का.

क्लब निघाला तेव्हा भाऊजींनी आधी त्याची घटना लिहिली आणि मग चेंडू आणला. मधले दोन महिने मुलं कलमं पाठ करत होती. त्यातलं सातवं कलम त्यांचं सर्वांत लाडकं: कोणालाही कारण सांगितल्याशिवाय आणि त्याचा खुलासा ऐकल्याशिवाय काढता येणार नाही. त्यामुळे दर शनिवारी मैदानाजवळच्या कडुलिंबावर संघाची यादी लागायची, तिच्यात वगळलेल्या मुलांचीही नावं असायची आणि प्रत्येकापुढे कारण असायचं. 'मागील सामन्यात चेंडूपेक्षा प्रेक्षकांकडे अधिक वेळ पाहिले.' 'खेळ उत्तम, परंतु दुसऱ्याला चेंडू देणे म्हणजे दानधर्म समजतो.' खाली सूचना असायची की हरकत असल्यास रविवारी सकाळी आठपर्यंत लेखी द्यावी. एका मुलाने अशी हरकत दिली. भाऊजींनी तिचा रात्रभर विचार केला, आपलंच कारण कच्चं आहे असं ठरवून त्याला संघात परत घेतलं, आणि त्याने दहाव्या मिनिटाला आपल्याच गोलात चेंडू मारला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहिनी, गोल चुकला, पण निर्णय बराबर होता."

सामना चालू असताना ते कधी धावले नाहीत, ओरडले नाहीत. कचेरीच्या जुन्या ओळखपत्राच्या पट्ट्याला शिट्टी अडकवलेली, हातात काळी छत्री. छत्री डावीकडे झुकली की मुलांनी डावीकडे जायचं. छत्री उभी वर गेली की ज्याचं नाव घेतलं त्याने खेळ सोडून रेषेपाशी यायचं आणि खुलासा द्यायचा. दुसऱ्या संघांचे लोक हे पाहून तोंडावर रुमाल धरायचे.

हे वेड कुठून आलं ते तुमच्या आजोबांनी मला एकदा सांगितलं होतं. भाऊजींचे वडील एका जमीनदाराकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे. एका सकाळी ते कामावर गेले तर मालकाने ओट्यावर बसूनच हनुवटीने फाटकाकडे खूण केली. काय चुकलं ते कोणी सांगितलं नाही, वडिलांना काही विचारलंही नाही. तो माणूस पुढे पुष्कळ वर्षं जगला आणि आपलं काय चुकलं असेल याचा विचार करतच गेला. भाऊजी तेव्हा त्यांचं बोट धरून फाटकात उभे होते. स्वतः भाऊजींच्या तोंडून मी हे कधीच ऐकलं नव्हतं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. स्पर्धेचा शेवटचा सामना, समोर आदिलाबादचा संघ. सहा वर्षं आपण कप हरत आलो होतो. या वेळी शेवटची पाच मिनिटं उरली तरी कोणाचाच गोल नव्हता, आणि आपला गोलकीपर भिंतीसारखा उभा होता. अचानक भाऊजींची छत्री वर गेली आणि त्यांनी त्याचंच नाव घेतलं. "इकडं ये. मघाशी बॉल हातातून काऊन सुटला, खुलासा दे." लहानपणापासून छत्री दिसली की जायची सवय लागलेला तो मुलगा गोल सोडून चालत आला. चेंडू मैदानाच्या आपल्याच अर्ध्या भागात, त्यांच्या खेळाडूच्या पायाशी होता. त्याने तो रिकाम्या गोलात इतका हळू ढकलला की तिथे किडे टिपणारा बगळासुद्धा उडाला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत डोक्याला हात लावला.

मग चार दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. काढा म्हणणाऱ्यांचे पुढारी होते बियाण्यांचे दुकान चालवणारे शेठ, आणि ठेवा म्हणणाऱ्यांची पुढारी, खरं वाटणार नाही, पण त्याच गोलकीपरची आई, बाजारात भाजी विकणारी आपली काकू. रविवारी कडुलिंबाखाली सभा भरली. घटनेप्रमाणे अध्यक्षाच्या खुर्चीत भाऊजीच होते. वृत्तांत लिहायला मी होते.

शेठ उठले. "भाऊ, तुमचा मान आहेच. पण सहा वर्सं झाली, कप दुसऱ्याच्याच गावाले जाऊन राह्यला. आता याईले काढा."

"कोणाले?" भाऊजींनी विचारलं.

"मॅनेजरले."

"मंग तसं बोला. मी अध्यक्ष आहे. मॅनेजर तिकडं बसते." त्यांनी समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

काकू बसूनच म्हणाली, "शेठ, तुमच्या दुकानातलं बी उगवलं नाई तं तुमी म्हणता जमीन खराब. तुमाले काढलं का कोणी?"

"बाई, बी वेगळं अन् बॉल वेगळा."

"हो जी. बॉल तरी गोलात गेला. तुमचं बी मातीतच राह्यलं."

लोक हसले, शेठही हसले. भाऊजींनी सगळ्यांना बोलू दिलं. मला वाटत होतं, आता दोन शब्द समजुतीचे होतील आणि उठायचं. पण ते खुर्चीवरून उठले, चालत स्टुलापाशी गेले, बसले आणि म्हणाले, "मॅनेजर हजर आहे." मग परत खुर्चीत येऊन त्यांनी विचारलं, "गोलकीपरले गोल सोडून काऊन बोलावलं?" पुन्हा स्टुलावर गेले. पोरं हसू लागली होती.

"मले वाटलं, बॉल बाहेर गेला. खेळ थांबला."

खुर्ची. "बॉल तं आतच होता. सगळ्याईले दिसला."

स्टूल. "मले दिसला नाई." हसू थांबलं. "दोन वर्सं झाले, मी बॉल पाहून नाई राह्यलो. पोराईच्या आवाजावरून खेळ ओळखतो. डॉक्टर म्हणे काचबिंदू आहे. गेलेली नजर वापस येत नाई."

या वेळी त्यांना खुर्चीपर्यंत यायला जास्त वेळ लागला. "हे आधी काऊन सांगतलं नाई?"

ते परत स्टुलावर बसले. "कोणी ईचारलं नाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "अन् भेव लागे. मैदान सुटलं तं मी जाऊ कुठं?"

मी पेन खाली ठेवलं. दर रविवारी मी त्या माणसाच्या शेजारी बसत होते आणि मला काहीही समजलं नव्हतं.

मग हात वर करून मतदान झालं. काढा, अकरा. ठेवा, अकरा, त्यात एक हात माझा. मी मोजणी दोनदा केली. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक, असं नववं कलम आहे. माझा जीव भांड्यात पडला. आपल्या हातात असलेलं एकच मत कोणी स्वतःविरुद्ध देत नाही.

"अध्यक्षाचं मत," भाऊजी म्हणाले, "काढा."

सर्वांत आधी शेठच उठले. "भाऊ, असं नाई. माझा हात खाली लिवा. मी मत वापस घेतो."

"वर गेलेला हात खाली घ्याचं कलम नाई, शेठ."

वृत्तांत लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं, पण मी बोलले. "भाऊजी, हे काय केलंत तुम्ही? मैदान सुटलं तर जाऊ कुठं, असं आत्ताच म्हणालात ना?"

"वहिनी," ते म्हणाले, "माह्या बापाले काढलं तवा कोणी एक शब्द ईचारला नाई. मले तुमी सगळ्याईनं तीन घंटे ईचारलं. ईचारल्यावर खरं सांगा लागते, अन् खरं सांगतल्यावर तसंच मत द्या लागते. नाई तं ईचारून फायदा काय?"

त्यांनी गळ्यातला पट्टा काढला. ठराव ज्याने मांडला त्याने नवा माणूस मिळेपर्यंत काम पाहायचं, असंही एक कलम निघालं, म्हणून शिट्टी शेठच्या हातात गेली. "पावती लिवा," भाऊजींनी सांगितलं. शेठनी लिहिली: एक शिट्टी, जुनी, आवाज चांगला. भाऊजींनी ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "आता प्रेक्षकाईत बसाले परवानगी लागते का?" काकूने बाकावर जागा करून दिली.

नवा माणूस अजून कोणी शोधलेला नाही. दर रविवारी भाऊजी त्याच बाकावर बसतात. काकू शेजारून सांगत असते, "आता बॉल आपल्या पोराजवळ आहे. आता डावीकडं गेला. आता ईचारू नका." मग भाऊजी विचारत नाहीत. छत्री मांडीवर आडवी असते, आणि काकू डावीकडं म्हणाली की छत्रीचं टोक अजून थोडंसं डावीकडे सरकतं.

वही माझ्या कपाटात आहे. पावती त्यांच्या खिशात आहे. शनिवारी कडुलिंबावर यादी लागते, आणि वगळलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे कारण लिहिलेलं असतं. अक्षर शेठचं आहे.