उजवीकडून फिरवलेला पंखा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमची तुकडी खालापूरजवळच्या एका माळावर तळ देऊन होती. दोन सीटचं एक छोटं विमान, दोन तंबू, एक रेडिओ सेट आणि आम्ही सातजण. लष्कराच्या साहसी मोहिमेतला तो एक मुक्काम होता. मी इंजिन फिटर, हवालदार. घर दहिवलीला, मोटारसायकलने जेमतेम अर्ध्या तासावर. एवढी वर्षं देशभर हिंडल्यावर ड्युटी अशी दारात आली, म्हणून मी खुशीत होतो.

पायलट कॅप्टन रावत. पहाडातला पोरगा, अंगाने काटक, खाण्याला वाघ. माळ ज्यांचा होता त्या यमुनाकाकी आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या पाठवत. रावत साहेब एवढंच मराठी शिकले होते: "काकी, अजून एक." काकी त्यावर खूश. आम्हा बाकीच्यांना त्या मोजून वाढायच्या.

त्या दिवशी ऑइलचा एक होज, म्हणजे रबरी नळी, गळताना सापडला. मी तो बदलला. नवीन होज रिकामा असतो, म्हणजे त्यात हवा असते. ट्रॅक्टरच्या डिझेल लाइनीत हवा शिरली तर ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो, शेतकरी दोन शिव्या देतो आणि हवा काढतो. विमान वर असताना ती सोय नाही. म्हणून सुरू करण्याआधी प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढायचा आणि पुढचा पंखा हाताने फिरवत राहायचं, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. पंखा सुलट दिशेनेच फिरला पाहिजे. या इंजिनाची सुलट दिशा समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट. चुकीच्या बाजूने फिरवलं तर पंप हवा आत ओढतो. ती हवा व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटमध्ये जाऊन बसली, की टॅपेट खडखडतात, व्हॉल्व्ह नीट उघडत नाहीत आणि गेज मात्र सगळं ठीक दाखवतो.

साहेब स्वतः पंखा फिरवायला आले. दिशेचं मी त्यांना तेव्हाही बजावलं होतं. ते हसून म्हणाले, "याद है, उस्ताद." काटा उठला. मी प्लग बसवले, इंजिन चालवून पाहिलं. आवाज स्वच्छ होता.

दसऱ्याच्या सकाळी साहेबांनी मला घरी पाठवलं. घरची पूजा करून ये, तोवर इथली शस्त्रपूजा आम्ही उरकतो, फ्लाइंग अकराला, म्हणाले. मी हत्यारांना झेंडू वाहिला, श्रीखंड-पुरी खाल्ली आणि परत निघालो.

पोचलो तेव्हा विमान धावपट्टीच्या टोकाला होतं. माळावर सगळा गाव जमला होता आणि ढोल असे वाजत होते, की इंजिन ऐकूच येत नव्हतं. साहेबांनी हात हलवला, मी सॅल्यूट केला. विमान उठून ढोलांच्या पलीकडे गेलं, तेव्हा मला खडखड ऐकू आली. टॅपेट. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. मी पळत जाऊन ऑपरेटरच्या हातातून सेट घेतला.

"चार्ली वन, इंजिनाचा आवाज खराब आहे. परत या."

"रॉजर. प्रेशर ठीक है. पॉवर गिर रही है. वापस आ रहा हूँ."

ते वळले. माळापर्यंत पोचले नाहीत. खालच्या भातखाचरात उतरायचा प्रयत्न केला, चाकं बांधाला अडकली आणि विमान उलटलं. आम्ही चिखलातून पळालो. बेल्ट कापून त्यांना मीच बाहेर काढलं. मान मोडली होती. कपाळावरचं कुंकू ओलं होतं.

संध्याकाळी मी काकींच्या ओट्यावर बसलो होतो. काकी रडत रडत सकाळची पूजा सांगायला लागल्या.

"पंख्याला हळदकुंकू लावाया पाच सवाष्णी व्हतो आमी. साहेब म्हणला, हात पोचत नाय तर मी पातं खाली आणतो. एकेकीला एकेक पातं आणून दिलं रं त्यानं."

मी विचारलं, कसं फिरवलं?

"आधी उलटं फिरवाया लागला व्हता. मीच बोलले, तसं नको, आरती ओवाळतात तसं उजवीकडनं फिरव. लगेच आयकलं पोरानं."

ज्याला त्या उलटं म्हणत होत्या तेच सुलट होतं. साहेबांना माझं बोलणं आठवलं असणार. पण भरलेली ताटं घेऊन उभ्या असलेल्या बायांना नाही म्हणणं त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं.

चौकशीत मी हे जसंच्या तसं सांगितलं, ते माझं कर्तव्य होतं. काकींना सांगितलं नाही. त्यांना साक्षीला बोलावू नये, अशी विनंती मात्र केली. आमच्या मेजरांनी ती मान्य केली.

आता मी निवृत्त आहे, चौकला जुन्या हायवेवर गॅरेज चालवतो. दसऱ्याला गॅरेजची पूजा आटोपून खालापूरला जातो. काकी हार घेऊन तयार असतात. गुडघे गेलेत, म्हणून माझा हात धरून त्या बांधापर्यंत चालतात. हार ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि सोबत फडक्यात बांधलेली एक भाकरी ठेवतात. मग दर वर्षी तेच विचारतात.

"खरं सांग रं, पूजेत आमचं काय चुकलं व्हतं का?"

"नाही काकी. पूजा बरोबर झाली होती."

"मंग पडला कशानं?"

"इंजिन बिघडलं."

यंदा त्या तिथेच बांधावर बसल्या. भाकरीचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "मी म्हणले तसं केलं त्यानं, तरी पडला."

मी कॅप्टन रावतांना सॅल्यूट केला आणि काकींना उठायला हात दिला.